कडी सैल पडेना

आधी मॅडमचं सांगते, मग काय झालं ते. आमच्या आईची शिस्तच तशी. वाटेत कुणी तांब्याभर पाणी दिलं असेल तर घरी आल्यावर पहिल्यांदा त्या माणसाचं नाव घ्यायचं, ऊन किती होतं ते मागाहून. नाव मी इथे लिहिणार नाही, कारण मॅडमना आवडायचं नाही. पण माणूस तरी आधी उभं करते.

मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान. हिंगणघाटकडच्या शेतकरी घरातल्या. डॉक्टर झाल्यावर पुढचं शिकायला त्या आमच्या कॉलेजात औषधांच्या विभागात आल्या होत्या. उंचीनं बेताच्या, चष्मा नाकावरून घसरलेला, केसांना कायम पेन्सिल खोचलेली. रागावल्या किंवा फार आनंदल्या की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडायची आणि खालून वऱ्हाडी निघायची. मला 'ताई' म्हणायच्या. प्रयोगशाळेतल्या कामाच्या बाईला डॉक्टर माणसानं ताई म्हणावं, याचं मला पहिल्या दिवशी इतकं अवघड वाटलं की मी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतायत ते.

मी मूळची कोकणातली, समुद्राकाठची. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे कुणी सोडवली नाही. आई बाजारात मासळी घेऊन बसायची, घरी निवडायला आणि कापायला हात हवा होता, तो माझा होता. लग्न झालं ते रस्त्याच्या कामावर मशीन चालवणाऱ्या माणसाशी. रस्ता पुढे सरकेल तसा आमचा संसार पुढे. पत्र्याची शेड, दोन पातेली, आणि थोडं रुळतंय तोवर ट्रकात सामान. असं करत वर्ध्यापर्यंत आलो. इथून काम पुढच्या जिल्ह्यात गेलं तेव्हा मला या कॉलेजात काचेची भांडी धुण्याचं काम लागलं होतं. नवरा म्हणाला, तू राहा इथे, मी येऊन-जाऊन राहीन. पहिल्यांदाच मला भिंतींची खोली मिळाली, जिला कुणी उचलून ट्रकात टाकणार नव्हतं. पण काम होतं तात्पुरतं. जमलं तर ठेवू, असं ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं होतं. हे 'जमलं तर' माझ्या डोक्यात दिवसभर नळासारखं ठिबकायचं.

जमेना, असं वाटायची वेळ लवकरच आली.

मॅडमचं काम काय होतं ते सांगते, मला समजलं तसं. बोकडाच्या काळजातून, म्हणजे हृदयातून, रक्ताची जाड नळी निघते, आपल्या अंगठ्याएवढी. खाटकाकडून ती ताजी आणायची. बर्फात ठेवलेल्या मीठसाखरेच्या पाण्यातून आणायची, म्हणजे ती जिवंत राहते. जनावर गेलं तरी नळी काही तास जिवंत असते, हे ऐकून मी त्या रात्री जेवले नव्हते. मग बाहेरची चरबी काढून नळीच्या बारीक कड्या कापायच्या, भेंडीच्या चकत्या कापतो तशा. एकेक कडी दोन तारांच्या आकड्यांवर अडकवायची. खालचा आकडा पक्का, वरचा दोऱ्यानं यंत्राला बांधलेला. हे सगळं एका काचेच्या नळकांड्यात, अंगाएवढ्या कोमट पाण्यात, खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडलेले. कडी आवळली की दोरा ओढला जातो आणि संगणकाच्या पडद्यावर रेघ वर चढते. कडी सैल पडली की रेघ खाली उतरते.

आवळायला लावणारं औषध वेगळं, सैल करणारं वेगळं. नावं मी पाठ केली होती: नॉरॲड्रेनलिन आणि ॲसिटिलकोलीन. दुसरं म्हणताना माझी जीभ अडखळायची, तर मॅडम म्हणायच्या, "ताई, माझीही पहिल्या वर्षी अडखळायची. चहात बिस्कीट पडल्यासारखं म्हणा, एकदम नका म्हणू, भिजू द्या."

मॅडमना बघायचं होतं की गावाकडच्या एका झाडपाल्यानं कडी सैल पडते का, आणि पडली तर कशामुळे. पण त्याआधी साधी परीक्षा असते. आवळलेल्या कडीवर ॲसिटिलकोलीन टाकायचं. कडी धडधाकट असेल तर सैल पडायलाच हवी. ती पडली तरच पुढचं काम. मी यायच्या आधी ती पडत होती.

मी लागले आणि कड्या रुसल्या.

आवळायच्या छान. रेघ वर जायची, वर ठरायची. मग मॅडम पिचकारीतून दुसरं औषध सोडायच्या आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसायचो. रेघ तिथेच. कधी तर आणखी वर. एका कडीचं असं झालं तर जनावराचा दोष म्हणता येतो. पण आठवडाभर, मग पुढच्या आठवड्यात, तेच.

विभागात एक जुने काका होते. सिंदीहून पॅसेंजरनं रोज ये-जा करायचे. यंत्रं तेच बघायचे आणि स्टेशनवरून येताना खाटकाकडची बाटली तेच आणायचे. तोंडानं फटकळ, पण डब्यातली भाजी वाटून खायचे. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून म्हटलं, "काय हो कोकणवाल्या बाई, तुमच्या पायगुणानं बोकडं बी कडक झाले काय?"

हसून म्हणाले ते. मीही हसले. आणि मोरीत जाऊन धुतलेल्या काचा पुन्हा धुतल्या.

त्याच सुमारास विभागाचे मोठे सर आले, पडद्यापाशी उभे राहिले. सर वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणंही बिनबुडाचं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी काचेचं नळकांडं उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "साबण राहतोय यात. साबणानं आतलं अस्तर मरतं. नवीन बाई आल्यापासूनच हे सुरू झालंय, बघा तुम्ही."

मी दाराशी होते. हातात धुतलेल्या काचांचा ट्रे.

मॅडम म्हणाल्या, "असेल सर."

मग मॅडम पुढे म्हणाल्या, "असेल, नसेलही. बघून सांगते."

"तोवर मी ऑफिसला कळवतो, दुसरी बाई बघून ठेवा म्हणून. तुमचा प्रबंध थांबलाय."

"नका कळवू सर. प्रबंध माझा थांबलाय, तर बघूही मलाच द्या."

सर खांदे उडवून गेले. मी ट्रे ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर पत्र्याची शेड आली. मॅडम वळल्या आणि म्हणाल्या, "तुमी काऊन रडून राह्यल्या? अजून काहीच ठरलं नाई."

मी म्हटलं, "मॅडम, मी शेवटचं पाणी बोटानं चाटून बघते, साबण लागतो का. नाही लागत."

त्या एकदम गंभीर झाल्या. "इथलं काहीएक तोंडात घालायचं नाही, ताई. नोकरी गेली तर दुसरी बघू, तुम्ही गेलात तर काय बघू?" मग स्टूल ओढून मला बसवलं आणि विचारलं, "सर अस्तर म्हणाले, ते काय, कळलं?"

मी म्हटलं, ब्लाउजला असतं तसं असेल.

"तसंच," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या ब्लाउजचं अस्तर गप्प बसतं. हे बसत नाही."

त्यांनी मला सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. चुकलं तर चूक माझी, त्यांची नाही. रक्ताच्या नळीची भिंत म्हणजे मुख्यतः स्नायू. आवळणं त्याचं काम. पण आतल्या बाजूनं, जिथून रक्त घासत जातं तिथे, पेशींचा एकच थर असतो. इतका पातळ, की डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. फार वर्षं लोकांना वाटायचं, हा थर म्हणजे नुसता गुळगुळीत रंग, रक्त चिकटू नये म्हणून दिलेला. पण रक्ताचा जोर वाढला की हा थर ते ओळखतो. रक्तातून कोण काय घेऊन चाललंय ते ओळखतो. आणि मागच्या स्नायूला निरोप धाडतो: सैल हो. कधी कधी आवळ म्हणूनही धाडतो, पण थर निरोगी असेल तर त्याचा कल सैल करण्याकडे.

"आणि निरोप कसला, माहितीये?" मॅडमच्या चष्म्यामागे डोळे लकाकत होते. "वायू. हवेसारखा. तयार होतो, पलीकडे झिरपतो, काम करतो आणि संपतो. शोधायला जावं तर हाती लागत नाही."

म्हणजे ॲसिटिलकोलीन थेट स्नायूला काही सांगत नाही. ते सांगतं अस्तराला, आणि अस्तर सांगतं स्नायूला. अस्तरच नसेल तर निरोप्याच नाही. मग स्नायू आवळूनच बसतो बिचारा, त्याला कुणी सांगायला यावं तर.

मला हे इतकं आवडलं की क्षणभर स्वतःचं दुःख विसरले. सासरी असं एखादं माणूस असतं. घरात वावरतं, कुणी त्याला मोजत नाही, आणि ते माहेरी गेलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या घराचे चेहरे आवळलेले.

पुढचे दिवस मॅडम कशा वागल्या ते मी जवळून पाहिलं आणि अजून तेच आठवून माझी कामं करते. 'हे कुणी केलं' असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं, आणि बघायचं. पहिल्यांदा त्यांनी चांदीच्या कागदात गुंडाळलेली एक बाटली काढली. तिला उजेड चालत नाही. ते औषध अस्तराला विचारत नाही, थेट स्नायूला सैल हो म्हणतं. ते टाकल्याबरोबर रेघ खाली आली. मॅडम म्हणाल्या, "स्नायू ठीक. पाणी ठीक. सर बरोबर म्हणतात, अस्तरच गेलंय."

मला वाटलं, संपलं. सर बरोबर म्हणजे साबण, साबण म्हणजे मी.

पण मॅडम तिथे थांबल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी काचा स्वतः धुतल्या. डॉक्टरबाई बाह्या वर करून मोरीवर उभी, आणि मी शेजारी हात बांधून. मला हात लावू देईनात. काका दारातून म्हणाले, "घ्या. आता मॅडमले भांडे घासाले लावले." त्या दिवशी रेघ उतरली नाही. मॅडमनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली: तुम्ही नाही. पण सरांना एवढ्यानं पटणार नव्हतं. ते म्हणाले असते, साबण जुना मुरलाय. म्हणून मग नवीन काच घेतली. तरी तेच. मग कडी कापायची कात्री नवी आणली, चिमट्याची टोकं तपासली. कापताना आतून घासलं जाऊ नये म्हणून मॅडम श्वास रोखून कापायच्या. त्यांच्या बोटांकडे बघत मीही श्वास रोखायचे, आणि मग दोघी एकदमच सोडायचो. तरी तेच.

"म्हणजे इथं येते तवाच गेलेलं असते," मॅडम म्हणाल्या. ही वऱ्हाडी होती, म्हणजे त्या खूश होत्या की चिडल्या होत्या ते कळेना. "काका, तुमी नळी घेता तेव्हा खाटीक ती कशी काढते?"

काका यंत्र पुसत होते, त्यांनी मान वर केली नाही. "मले काय माहीत."

"रोज तुमीच आणता ना?"

"मी बाटली आणतो. आतलं मले माहीत नाई."

इथे काकांचं सांगायला हवं. काका माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. कॉलेजचं काम म्हणून बाटली आणायचे, पण खाटकाच्या पायरीवर त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. शेजारी चहाची टपरी आहे. तिच्या खांबाला खिळा आहे. काका मीठसाखरेच्या पाण्याची बाटली त्या खिळ्याला अडकवायचे आणि दुकानाकडे पाठ करून चहा घ्यायचे. खाटीक येऊन बाटली न्यायचा, आत नळी टाकून परत अडकवायचा. काका चहा संपवून ती काढायचे आणि पिशवीत घालायचे. इतकी वर्षं हे चाललं होतं, दोघांत कुरबूर नाही की बोलणं नाही. आमच्या विभागातल्या कुणीच खाटकाचं दुकान आतून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम मला म्हणाल्या, बसा गाडीवर. त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी गेले. भीती अशी होती की तिथेही काही निघालं नाही तर शोधायला पुढे जागाच उरत नाही, आणि मग फिरून माझ्यावरच येणार.

काका टपरीवर होते. आम्हाला बघून त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "मॅडम, तुमी इकडं?"

"काका, आत येता काय?"

"मी? माळ दिसत नाई काय तुमाले?" आणि माझ्याकडे बघून, "ह्या कोकणवाल्याईले न्या. त्याईले सवय हाये."

सवय होती खरी. वासानं मला आईचा बाजार आठवला. वास तो नव्हता, पण ओली फरशी, सुरीचा आवाज आणि मान न वळवता गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस, हे सगळं तेच. खाटीक तरुण होता. मॅडमना बघून त्यानं हात पुसले, स्टूल पुढे केलं. मॅडम बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं काम चालू द्या, मी फक्त पाहाले आली."

त्यानं काळीज-फोपसं वेगळं केलं, नळी सोडवली. छान सोडवली, न ओढता. मला वाटलं, आता बाटलीत टाकेल. त्यानं ती मागे दिली.

मागे पाटावर त्याची आई बसली होती. म्हातारी, पण ताठ. पुढ्यात पाण्याची बादली, शेजारी वजडीचं, म्हणजे आतड्यांचं, टोपलं, आणि हातात तुराटीची बारीक काडी, तिला जुन्या धोतराची मऊ चिंधी गुंडाळलेली. तिनं नळी घेतली, काडी आत घातली आणि हळूच गोल फिरवत दुसऱ्या तोंडातून काढली. चिंधीला जरासं गुलाबी लागलं होतं. तिनं ती धुतली, पिळली, पुन्हा घातली. मग नळी नळासारखी पाण्याखाली धरली, आतून बाहेरून. मग उजेडाकडे धरून तिच्यातून आरपार पाहिलं, बांगडीतून बघावं तसं.

मॅडमनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं.

म्हातारी म्हणाली, "पहिले हा तसाच द्यायचा, रगताची, बुळबुळीत. मी म्हटलं, डाक्टर लोकाईच्या घरी जाते ते, अशी घाण कशी देवाव? त्याईनं म्हणावं, खाटकाच्या घरी पाणी नाई काय? म्हणून मी वजडीसारखी साफ करून देतो."

इथल्या बायका 'मी देतो, मी जातो' म्हणतात. पहिल्यांदा मला हसू यायचं. त्या सकाळी नाही आलं.

मॅडमनी विचारलं, "आजी, कधीपासून करता हे?"

"मी वडनेरहून याच्यापाशी राहाले आली तवापासून. दिवाळीच्या मांगंपुढं."

मी कामाला लागले तीही दिवाळीच्या मागेपुढेच. आम्ही दोघी एकदमच कॉलेजच्या चाकरीला लागलो होतो, एकमेकींना न बघता. ती तिथे नळी आतून पुसत होती, मी इथे काच आतून पुसत होते. आणि खरं सांगते, अस्तराचं कळायच्या आधी नळी माझ्या हाती कुणी दिली असती तर मीही तेच केलं असतं. आमच्याकडे मासा चिरला की आतला काळा पापुद्रा अंगठ्यानं खरवडून काढतात. तो राहिला तर सासू म्हणते, आईनं काही शिकवलं नाही. स्वच्छ करून देणं म्हणजे मान देणं, हे आम्हा बायकांच्या हातातच बसलेलं असतं.

मला वाटलं, मॅडम आता बोलणार तिला. इतके आठवडे गेले होते, प्रबंधाची तारीख डोक्यावर, सरांसमोर मान खाली. मॅडम म्हातारीसमोर उकिडव्या बसल्या. चिंधी हातात घेऊन पाहिली. म्हणाल्या, "किती मऊ चिंधी घेतली आजी तुमी. नळीले कुठं ओरखडा नाई."

म्हातारी फुलली. "मंग. रेशमासारखी पाह्यजे, नाई तं फाटते ते."

"उद्यापासून एक करजा. अर्धी नळी अशीच पुसून द्या. अर्धी पुसायची नाई, पाणी बी नाई लावायचं. तशीच बाटलीत. जमते?"

खाटीक म्हणाला, "एक साफ न् एक घाण? काऊन मॅडम?"

"मले दोन्ही पाह्यजेन," मॅडम म्हणाल्या. "एक बोलते, एक बोलत नाई. कोण काऊन बोलत नाई ते दाखवाचं हाये."

आम्ही बाहेर आलो तेव्हा काका टपरीच्या आडोशाला तसेच. मॅडमनी त्यांना काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाल्या, "काका, उद्या दोन बाटल्या आणजा." स्कूटीवर मात्र त्या मोठमोठ्यानं हसायला लागल्या. ट्रॅफिकच्या आवाजात ओरडून मला सांगत होत्या, की फार पूर्वी मोठमोठ्या प्रयोगशाळांतही हेच झालं होतं. कड्या कापताना आतून घासल्या जायच्या, आणि लोक समजायचे की ॲसिटिलकोलीननं नळी आवळतेच. कुणीतरी न घासता कापली तेव्हा कळलं की आत कुणीतरी राहतं. "ताई, आपली आजी कोणत्या रांगेत जाऊन बसली, तिले माहीत नाई," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, काचा आज तुम्ही धुवायच्या. रोजच्यासारख्या. रोजच्याच साबणानं.

मी म्हटलं, आजच्या दिवस तुम्हीच धुवा. त्या म्हणाल्या, "आजच तुमी पाह्यजे."

दोन नळकांडी शेजारी शेजारी. एकात पुसलेली कडी, एकात न पुसलेली. एकाच बोकडाची, एकाच नळीची. आधी त्यांना बराच वेळ नुसतं टांगून ठेवायचं असतं, त्यांच्या अंगाची झालेली ओढाताण निवायला. तोवर मॅडमनी सरांना बोलावून आणलं. काकाही यंत्रापाशी उभे राहिले. पहिलं औषध. दोन्ही रेघा वर गेल्या, जोडीनं चालल्यासारख्या. वर जाऊन ठरल्या. मग मॅडमनी आजीनं पुसलेल्या कडीवर ॲसिटिलकोलीन सोडलं. रेघ जागची हलली नाही, उलट किंचित उचलली गेली. मग दुसरीवर सोडलं.

लगेच काही झालं नाही. मी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग रेघेनं मान टाकली आणि उतरू लागली. उडी मारून नाही. जिन्यानं उतरावं तशी, पायरीवर पाय ठेवत, निवांत. खाली, आणखी खाली, जिथून चढली होती त्याच्या जवळ येऊन बसली.

कुणीतरी आतून निरोप दिला होता. जनावर गेलेलं, रक्त नाही, काळीज नाही, कोमट पाण्यात टांगलेली एवढीशी कडी, आणि तरी ते अस्तर आपलं काम करत होतं.

मॅडम सरांकडे वळल्या. "सर, काचा आज ताईंनी धुतल्यात. रोजच्याच साबणानं."

सरांनी पडद्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं. "मग साबण नव्हे," म्हणाले. जाताना दारापाशी थांबले आणि मला विचारलं, "चहा घेतला का तुम्ही?" एवढंच. पण त्याआधी त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, माझ्याविषयीच बोलायचे. मी हो म्हटलं, घेतला नव्हता तरी.

काकांना मागाहून सगळं कळलं तेव्हा त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मी एकदा मान वळवून पाह्यलं असतं तं झालं नसतं ना हे." मॅडम म्हणाल्या, "काका, तुमी मान वळवली असती तं माह्या प्रबंधात एक प्रकरण कमी झालं असतं." काकांनी त्या दिवशी डब्यातली सगळी भाजी माझ्या ताटात वाढली. वांग्याची होती, तेल सुटलेली. पायगुणाचं पुन्हा कधी बोलले नाहीत. खिळा मात्र अजून आहे, आणि काकांची पाठही तिकडेच. फक्त बाटल्या अडकवताना आता मोठ्यानं विचारतात, "अर्धी-अर्धी ना, बाई?" आणि आतून म्हातारी "हाव" म्हणते.

पुढे एकदा मॅडमनी ते अस्तर मला दाखवलं. नळीचा तुकडा उभा चिरून, उघडून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि म्हणाल्या, बघा, ज्याच्यामुळे तुम्ही रडलात ते. मी डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग बारीक काळ्या रेघांचं जाळं, आणि जाळ्यात लांबट, टोकदार घरं. माशाचे खवले असतात तसे. पण खवले एकावर एक चढतात, हे शेजारी शेजारी, कुठे फट नाही, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. मॅडम म्हणाल्या, रक्त ज्या बाजूला वाहतं त्या बाजूला या पेशी कलतात. मी विचारलं, माझ्याही अंगात असंच? म्हणाल्या, डोक्यापासून नखापर्यंत, जिथे जिथे नळी आहे तिथे. आत्ता तुमच्या डोळ्यामागेही.

मी डोळा काढलाच नाही कितीतरी वेळ. आयुष्यभर मी मासे सोलले, खवले उडवले, आणि माझ्या आत हे असं पसरलेलं होतं, न सांगता काम करणारं. फोनवर आईला सांगायला गेले तर ती म्हणाली, "गो, जेवलंस काय ता आधी सांग."

मला कायम केलं. कागदावर सही करताना ऑफिसातले साहेब म्हणाले, मॅडमनी तुमच्याविषयी चांगलं लिहून दिलंय. मॅडमनी मला ते कधी सांगितलं नाही. त्यांनी मला आणखी एक दिलं. प्रबंध संपत आला तेव्हा दुपारच्या वेळी, कूलरच्या आवाजात, मला शेजारी बसवून कडी टांगायला शिकवलं. चिमटा कसा धरायचा, आकडा आतून नेताना अस्तराला कुठेही लागू कसा द्यायचा नाही. मी म्हटलं, माझे हात मासळीचे आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणूनच." माझी पहिली कडी बोलली नाही. दुसरीही नाही. मग एक बोलली. रेघ जिन्यानं उतरली, आणि मॅडमनी कुणालाही न बोलावता दोन कप चहा मागवला.

मॅडम आता दुसऱ्या राज्यात आहेत, पुढचं शिकतायत. जाताना म्हणाल्या होत्या, एक दिवस आपल्याच भागात स्वतःची प्रयोगशाळा काढीन, छोटी का होईना. हसत म्हणाल्या, पण मी ते हसण्यावारी घेतलेलं नाही. मॅडम, ज्या दिवशी ती उभी राहील त्या दिवशी मला निरोप धाडा. मी जिथे असेन तिथून येईन. तुमच्या नव्या काचा मी धुईन, चाटून न बघता. आणि पहिली कडी मी टांगीन, इतक्या हलक्या हातानं की आतल्याला कळायचंही नाही कुणी उचललं ते. तुमची पहिली रेघ माझ्या हातून उतरेल. माझ्यावर तुमचं जे आहे, ते मी असं फेडीन.